एक बोटभर जागा

माझ्या उमेदीची नऊ वर्षं मी फक्त बंद पडलेल्या गाड्या चालवल्या. चालू गाडी कोणीही चालवतो. बंद गाडी चालवणं हा वेगळाच धंदा आहे आणि तो मी माझ्या मनाने निवडला नव्हता, हे आधीच सांगून टाकतो.

आमचं घर कोनला, कल्याण-भिवंडी रस्त्याला लागून. घरापुढे चिंच, चिंचेखाली पत्र्याची शेड आणि शेडमध्ये बाबांची टोचनची गाडी. रस्त्यात बंद पडलेला ट्रक दोर लावून ओढून आणायचा, याला आमच्याकडे टोचन म्हणतात. बाबांनी ती गाडी लष्कराच्या लिलावातून आणली होती. मध्यम आकाराचा ट्रक, पुढे जाड लोखंडी बंपर, मागे हाताने फिरवायची चेनकप्पी आणि बॉनेटखाली सहा सिलेंडरचं पेट्रोल इंजिन. ऐंशीच्या दशकात भिवंडीत सूत आणणाऱ्या आणि कापड नेणाऱ्या बहुतेक गाड्या म्हाताऱ्या होत्या, त्यामुळे आम्हाला कामाचा तोटा नव्हता. कुठल्यातरी ट्रकच्या पायरीवर लटकत एखादा क्लीनर यायचा आणि रस्त्यावरूनच ओरडायचा, "टोचनवाले, गाडी वळ गावाच्या पुढं पडलीय!" जेवत असलो तर हात धुऊन उठायचं.

पुढच्या गाडीत बाबा. मागे, मेलेल्या ट्रकच्या स्टिअरिंगवर मी. मधे वीस फुटांचा तारेचा दोर. नियम एकच होता, पुढच्याने ओढायचं आणि मागच्याने थांबवायचं. पुढच्याने अचानक ब्रेक मारला तर मागचा ट्रक त्याच्या पाठीत शिरणार, म्हणून बाबा नुसता पाय सैल करायचे आणि उजवा हात खिडकीबाहेर काढून खालीवर हलवायचे. तो हात दिसला की मी मागे ब्रेकवर दोन्ही पायांनी उभा राहायचो. इंजिन बंद असलेल्या ट्रकचा ब्रेक दाबणं म्हणजे भिंतीला लाथ मारणं. शिवाय दोर कायम ताणलेला राहायला हवा. सैल पडला की पुढच्या हिसक्याला तुटतो, आणि तुटलेली तार माणसाचं काय करते ते मी एकदा पाहिलंय, पुन्हा सांगायची इच्छा नाही.

बाबांच्या गाडीच्या मागच्या फळीवर पेंटरने पिवळ्या रंगात लिहिलं होतं, 'अंतर ठेवा'. नऊ वर्षं माझ्या डोळ्यांसमोर तेवढंच. ज्याला त्याच गाडीला दोराने बांधलंय तो अंतर काय ठेवणार, कपाळ! पुढे रस्ता वळतोय का, म्हैस आडवी आलीय का, काही दिसायचं नाही. बाबा वळले की मी वळायचं, बाबा थांबायला लागले की मी थांबवायचं. गाडीत बसून माणूस कुठेतरी जातो म्हणतात. मी नुसता नेला जायचो.

आणि मी काही अडाणी नव्हतो. आयटीआयमधून मोटार मेकॅनिकचा कोर्स केला होता. डिझेल इंजिन पूर्ण खोलून पुन्हा जोडण्यात वर्गात माझा हात धरणारा कोणी नव्हता. तरी पोटासाठी मी जे करत होतो त्यात डोकं लागत नव्हतं, लागत होते ते पाय. बाबांना माझ्या पायांची खात्री होती. माझ्या आधी त्यांनी दोन-तीन माणसं मागे बसवून पाहिली होती. एकाला डुलकी लागली, एक बिडी पेटवायला वाकला. तेव्हापासून ते म्हणायचे, "दोराच्या मागल्या टोकाला परका मानूस नको." हे कौतुक होतं की शिक्षा, ते मला कधी ठरवता आलं नाही.

आता त्या पेट्रोल इंजिनाबद्दल. सकाळी अर्ध्या चावीत चालू व्हायचं, आवाज एखाद्या मोटारीसारखा मऊ, रिकामी गाडी तर वाऱ्यासारखी पळायची. पण टोचनमध्ये पळायचं नसतं. भरलेला ट्रक जागचा हलवायचा असतो, तोही इंजिन संथ फिरत असताना, आणि संथ फिरताना त्या इंजिनात जीवच नसायचा. ते रेस केल्याशिवाय जोर द्यायचं नाही, आणि रेस करून क्लच सोडला की प्लेट जळाल्याचा वास थेट माझ्यापर्यंत यायचा. पावसाळ्यात आणखी तमाशा. ठिणगीच्या वायरी भिजल्या की संपलं. दोनदा तर असं झालं की ओढायला गेलेल्या गाडीलाच ओढून आणावं लागलं. सबंध नाक्याला आठवडाभर पुरेल एवढं हसू आम्ही पुरवलं.

त्यात गाड्या जड होत चालल्या. वळच्या बाजूला भातखाचरांत भराव पडून एकेक गोदाम उभं राहत होतं, तिथे येणारे ट्रक पूर्वीपेक्षा लांब आणि दीडपट भरलेले. अशाच एका ट्रकला घेऊन आम्ही कल्याणहून येताना खाडीपुलाच्या चढावर अडकलो. पेट्रोल इंजिन बोंबलत होतं आणि गाडी तसूभर हलत नव्हती. शेवटी मागच्या चाकांना दगड लावून दोघं रस्त्याच्या कडेला बसलो. बाबांनी बॉनेटवर थाप मारली आणि म्हणाले, "ह्या इंजान ज्या दिवशी जाईल त्या दिवशी टोचन बंद. मी गुमान शेतावर जातंय."

ते वाक्य मी देवाच्या अंगाऱ्यासारखं जपून ठेवलं.

कारण वर्षभराने मला एक पत्र आलं. बस आगारात मेकॅनिकची जागा. एका महिन्याच्या आत सर्टिफिकेटं घेऊन हजर व्हायचं होतं. माझं वय अठ्ठावीस, आणखी काही महिन्यांत वयाची मर्यादा उलटणार होती, म्हणजे असं पत्र दुसऱ्यांदा येणार नव्हतं. आगार म्हणजे काय ते मला ठाऊक होतं. खाली सिमेंटचा खड्डा, वर उभी बस, डिझेल इंजिन, हातात पाना आणि आठ तासांची ड्युटी. गाडी आपल्याकडे येते, आपण तिच्यामागे फरफटत जात नाही. मला तेवढंच हवं होतं.

आईने पत्र तिच्या पत्र्याच्या ट्रंकेत साड्यांखाली ठेवलं. म्हणाली, "बाबान्ला सांग."

"इंजिन जाऊ दे, मग सांगतो," मी म्हणालो.

"आनि न्हाय गेला तर?"

इंजिन जिवंत असताना मी गेलो तर बाबा टोचन सोडणार नव्हते, कोणालातरी मागे बसवून ओढतच राहणार होते, आणि एक दिवस तो कोणीतरी बिडी पेटवायला वाकणार होता. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. मी रोज सकाळी इंजिनाचा आवाज ऐकायचो आणि ते आज मरतंय का उद्या याचा अंदाज घ्यायचो. एकदा तर रेडिएटरमध्ये पाणी कमी आहे हे पाहूनही मी झाकण तसंच लावलं. पुलापर्यंत गेलो, मग मलाच राहवलं नाही. "बाबा, थांबा," म्हणालो आणि डबा घेऊन उतरलो. मला स्वतःचा इतका राग आला होता की पाणी ओतताना हात भाजला तरी कळलं नाही. राग पाणी न घातल्याचा होता की घातल्याचा, हे मात्र विचारू नका.

मग सुंठीवाचून खोकला गेला. पत्र आल्याच्या सहाव्या दिवशी, भर दुपारी, वळच्या रस्त्याला इंजिनात घण मारल्यासारखा आवाज झाला आणि पिस्टनचा दांडा ब्लॉक फोडून बाहेर आला. तेल रस्त्यावर पसरलं. बाबा खाली उतरले, वाकून पाहिलं आणि डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली. मीही चेहरा पाडला होता. आतून मात्र मला अक्षरशः नाचावंसं वाटत होतं. आपल्या बापाच्या गाडीचं मरण पाहून आनंद होणारा मुलगा मी, हे लिहायला लाज वाटते, पण खोटं कशाला लिहू?

दुसऱ्या दिवशी सकाळी चिंचेखाली सगळे उंटावरचे शहाणे जमले. त्यातले दोघं खरे जाणकार. एक भिवंडीचे शेठ, पिढीजात लूमवाले म्हणजे यंत्रमाग चालवणारे, आमच्या बाबांचे जुने स्नेही. त्यांच्या सुताचे ट्रक आम्हीच ओढायचो. दुसरा नारपोलीचा मिस्त्री, मूळचा जौनपूरकडचा, लूमच्या मोटारीपासून ट्रकच्या इंजिनापर्यंत सगळं दुरुस्त करणारा.

शेठ पेट्रोलच्या बाजूचे. "अरे, हाय तेच इंजिन टाक की दुसरं. गाडी पेट्रोलची, इंजिनाचं फाउंडेशन पेट्रोलचं, गिअरबॉक्स पेट्रोलचा. चार नटबोल्टांचं काम. डिझेल टाकशील तर अर्धी गाडी कापशील. आनि तो धूर, तो आवाज! घरात आपसात बोलता येनार न्हाई."

मिस्त्री हसला. "शेठ, आवाज से गाड़ी नहीं खिंचती. टोचन का काम है, डीजल के बिना नहीं होगा. कुर्ला में मेरा आदमी है, चार सिलेंडर का पड़ा है उसके पास, मस्त."

दोघं असं तासभर भांडले. मी चिंचेला टेकून उभा होतो आणि मनात म्हणत होतो, भांडा बाबांनो, इथे टोचनच बंद होणार आहे. तेवढ्यात बाबा म्हणाले, "ह्यो शिकलाय. ह्याला इचारा."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. नऊ वर्षांत बाबांनी मला गाडीबद्दल एक प्रश्न विचारला नव्हता. आणि विचारला तो असा, चारचौघांत. मी गप्प राहायला हवं होतं. खांदे उडवून "तुमी बघा" म्हटलं असतं तरी चाललं असतं. पण आयटीआयमध्ये शिकलेलं नऊ वर्षं पोटात साठलेलं होतं, ते भडाभडा बाहेर आलं. मी सांगितलं की पेट्रोल इंजिन वेगात जोर देतं आणि डिझेल संथ फिरतानाच देतं, आणि टोचनमध्ये जोर लागतो तो पहिल्या दहा फुटांत. डिझेलला ठिणगी नाही, वायरी नाहीत, म्हणजे पावसात भिजून बंद पडायचं काही नाही. दिवसभर ओढलं तरी ते इंधन निम्मं पितं. उलट बाजूही सांगितली, वजन जास्त, पुढचे कमानपाटे वाकतील, सकाळी चालू व्हायला कुरकुर करेल, हादरे असे की केबिनचे स्क्रू सुटतील. "भरलेला ट्रक ओढायचा तर डिझेल," मी म्हणालो. "हलका टेम्पो ओढायचा तर पेट्रोल. आता हलकं काय राहिलंय?" शेठनी मान डोलावली. मला त्या क्षणी फार मोठं झाल्यासारखं वाटलं, आणि घरात ट्रंकेत पत्र आहे हे मी पार विसरलो होतो.

बाबा उठले. "पेट्रोलवर आता पोट न्हाय भरत, ता मना कलतंय. डिझेल ह्या गाडीत मावत आसंल तर बसवू. न्हाय मावला तर गाडी मोडीत. टोचन बंद." मग शेडमधून एक बांबूची काठी आणून माझ्या हातात दिली. "कुर्ल्याला जा, माप घेऊन ये."

काठीचं सांगायला हवं. आमच्या घरात टेपने काही मोजत नसत. दार असो, वासा असो, कौलांचा उतार असो, बाबा काठी लावायचे आणि तेवढी कापायचे. त्यांचं म्हणणं, आकडा लिहिताना मानूस चुकतो, वाचताना चुकतो, काठी कशी चुकंल? तेव्हा डिझेल इंजिनाच्या पंख्यापासून मागच्या तोंडापर्यंत काठी धरायची, नेमकी तेवढी कापायची, घरी आणून रेडिएटर आणि केबिनचा पत्रा यांच्यामध्ये उतरवायची. उतरली तर इंजिन मावतं. मिस्त्री माझ्याबरोबर यायला निघाला, त्याने झोळीसुद्धा उचलली होती. बाबांनी त्याला थांबवलं. "तू ऱ्हा हिकडं, जुना इंजान उतरवायचा हाय. त्यो जाईल एकला."

एका ओळखीच्या ट्रकमध्ये बसून मी कुर्ल्याला गेलो. भंगारवाल्याच्या आवारात ते इंजिन दोन टायरांवर ठेवलं होतं. आधी मी ते तपासलं. हाताने फिरवून पाहिलं, तेल हुंगलं, पंप बघितला. इंजिन चांगलं होतं, हीच तर पंचाईत. मग काठी धरली, खडूने खूण केली आणि भंगारवाल्याकडून करवत मागून घेतली. त्याचा माणूस कापायला पुढे आला, त्याला मी बाजूला केलं.

खूण केलेली काठी मांडीवर घेऊन मी किती वेळ बसलो होतो कोण जाणे. खुणेच्या दोन बोटं पुढे करवत चालवायची, बस. कोणाच्या बापाला कळणार नव्हतं, माझ्यासुद्धा. काठी मावणार नाही, गाडी मोडीत जाईल, बाबा शेतावर जातील आणि सोमवारी मी आगाराच्या फाटकात उभा राहीन.

मी खुणेवरच कापली.

हा प्रामाणिकपणा होता असं कोणी म्हणू नये, मला तो मान नको. एक तर बाबांनी सगळ्यांसमोर 'ह्यो शिकलाय' म्हटलं होतं, ते अजून कानात होतं. दुसरं, मेकॅनिकच्या हाताला खोटं माप जमत नाही, सवयच नसते. आणि खरं सांगायचं तर मला आशा होती की खऱ्या मापानेही ते मावणार नाही. म्हणजे मी निर्णय घेतलाच नाही. काठीवर सोपवला आणि परत निघालो.

चिंचेखाली पुन्हा सगळे जमले होते. जुनं इंजिन उतरवून बाजूला ठेवलेलं, बॉनेट काढलेलं, आतला खड्डा रिकामा. बाबांनी काठी घेतली आणि हळूच खाली सोडली. ती गेली. पुढे रेडिएटरला टेकली नाही, मागे पत्र्याला टेकली नाही. बाबांनी मागच्या फटीत तर्जनी घातली, ती बरोबर बसली. मग त्यांनी काठीकडे नाही, माझ्याकडे बघितलं, चांगलं बराच वेळ.

"मावतंय?" त्यांनी मला विचारलं.

काठी त्यांच्याच हातात होती, बोट त्यांचंच फटीत होतं. तरी मला का विचारतात, हे तेव्हा माझ्या डोक्यात आलं नाही. मी म्हणालो, "मावतंय. बोटभर जागा उरते."

"बरा," बाबा म्हणाले आणि काठी शेडच्या आढ्याला खोचून ठेवली.

इंजिन बसवायला तीन आठवडे गेले. नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं म्हणतात तसं. लांबीला मावलं तर खाली तेलाचा डबा आडव्या पट्टीला अडला, ती पट्टी कापून खाली घेतली. गिअरबॉक्सचं तोंड जुळेना, मधे जाड प्लेट टाकली. सगळी मापं मी काढली, भोकं मी पाडली. आगारात हजर व्हायचा शेवटचा दिवस आला तेव्हा मी गाडीखाली पाठीवर पडलो होतो आणि तोंडावर लोखंडाचा कीस पडत होता. आई शेडपर्यंत आली. माझे नुसते पायच तिला दिसत असणार. "आजची तारीक," ती हळूच म्हणाली. मी ड्रिल चालूच ठेवलं. तिची पावलं वळली आणि घरात गेली. त्या दिवशी मी रडलो, पण गाडीखाली पडलेल्या माणसाच्या डोळ्यांत पाणी असलं तर लोकांना वाटतं कीस गेला असेल.

याच सगळ्यात एक गोष्ट राहून गेली, आणि तिची जबाबदारी माझीही आहे. त्या जुन्या गाडीच्या ब्रेकला मदत करणारा एक डबा होता. पेट्रोल इंजिन हवा आत ओढतं त्या ओढीवर तो चालायचा, म्हणून ब्रेकचा पेडल हलका लागायचा. डिझेलला तशी ओढ नसते, त्यासाठी पट्ट्यावर चालणारा वेगळा पंप बसवावा लागतो. मी बोललो होतो. मिस्त्री म्हणाला, "बाद में लगा देंगे." बाबा म्हणाले, "माझ्या पायांत जोर हाय." आम्ही त्या रबरी नळीच्या तोंडात लाकडी खुंटी ठोकली आणि विषय संपवला. पेट्रोल की डिझेल, यावर सबंध नाक्याने तोंडाची वाफ दवडली होती, पण सगळं बोलणं ओढण्याचं. थांबण्याचं कोणी बोललंच नाही. थांबवायचं काम नऊ वर्षं मागच्या माणसाचं होतं ना.

डिझेलची पहिली ओढ मात्र अजून अंगावर काटा आणते. पूर्वी ज्या चढावर आम्ही दगड लावून बसलो होतो तिथूनच, सुताने गळ्यापर्यंत भरलेला ट्रक मागे घेऊन, दुसऱ्या गिअरमध्ये, जणू काही मागे बांधलेलंच नाही अशी गाडी चढली. बाबांनी खिडकीतून हात काढून मूठ वर केली. मागे मी काळ्या धुरात बसलो होतो. पेट्रोलच्या वेळी निदान 'अंतर ठेवा' वाचता यायचं, आता तेही दिसेना. खोकत खोकत मी हसलो. माझंच इंजिन होतं ते.

त्यानंतर बाबा कुठल्याच कामाला नाही म्हणेनात. दोन महिन्यांनी कल्याणहून लूमचे बीम, म्हणजे सूत गुंडाळलेले लोखंडी रूळ, भरलेला एक ट्रक आणत होतो, पूल चढलो आणि कोनच्या बाजूला उतरायला लागलो. पुलाच्या पायथ्याशी एक हातगाडी आडवी उभी होती, तिच्यावरही लूमचे बीमच, आणि गाडीवाला दोर आवळत होता. बाबांचा हात खिडकीबाहेर आला, खालीवर हलायला लागला. मी ब्रेकवर उभा राहिलो, हँडब्रेक ओढला, पण मागून सगळा माल ढकलत होता. बाबांचा हात आत गेला. याचा अर्थ त्यांनी स्वतः ब्रेक मारला होता, नियम मोडून, आणि गाडी थांबत नव्हती. दोर सैल पडला. समोरची फळी धुरातून मोठी मोठी होत आली. मी नऊ वर्षं ज्याला घाबरत होतो ते हेच, आणि आता करण्यासारखं काहीच नव्हतं. दार उघडून उडी मारावी एवढंसुद्धा सुचलं नाही, पाय पेडलवरून निघतच नव्हते.

बाबांनी गाडी डावीकडे खाचरात घातली. मी त्यांच्यामागे घातली. धडकलो, पण चिखलाने वेग खाल्ला होता. हातगाडीवाला दोर हातात धरून तसाच उभा होता. मी धावत पुढे गेलो तर बाबा पेडलवर दोन्ही पाय रोवून, पाठ सीटला लावून अजून दाबतच होते. मी म्हणालो, "बाबा, थांबलीय. सोडा." त्यांना पाय उचलता येईना. उजव्या गुडघ्यात काहीतरी तुटलं होतं, ते पुढे कधी नीट जुळलं नाही. पंप आम्ही दुसऱ्याच दिवशी बसवला. बैल गेला आणि झोपा केला.

मग पुढच्या गाडीत मी आलो. दोराऐवजी लोखंडी दांडा लावायला लागलो आणि मागे एक पगारी ड्रायव्हर बसवला. लोक म्हणायचे, आता तू मालक झालास. मालक! पूर्वी एका गाडीने मला ओढलं, आता मागच्या प्रत्येक गाडीला मी ओढत होतो, आणि डिझेल इंजिन काही मरायचं नाव घेईना. माझीच शिफारस ती, वाईट कशी निघेल? आगाराच्या बसगाड्या माझ्या शेजारून जायच्या. त्यांचा आवाज ऐकून मला कळायचं कुठल्या बसचा पंप बिघडलाय. मी तिकडे बघत नसे.

नव्वदच्या दशकाच्या शेवटी नाक्यानाक्यावर मोठ्या क्रेन आल्या तेव्हा कुठे आमची गाडी मोडीत गेली. तोवर माझं लग्न होऊन दोन मुलं शाळेत जात होती. शेड मोडताना आढ्यातून ती काठी खाली पडली. बाबा ओट्यावर पाय लांब करून बसले होते. मी काठी त्यांना दाखवली आणि गंमतीत म्हणालो, "ओळखली का?"

त्यांनी ती हातात घेऊन फिरवली. मग म्हणाले, "तू कुर्ल्याशी आलास तवा मना वाटला व्हता, लांब कापून आनशील."

मला आधी समजलंच नाही.

"तुझ्या आईने पत्राचा सांगितला व्हता मना, आला त्याच दिवशी," बाबा म्हणाले. "म्हनून मिस्त्रीला थांबवला. मुद्दाम तुला एकल्याला धाडला. तू लांब काठी आनली असतीस, न्हाय मावत म्हनला असतास, तर मी मुकाट सोडून दिला असता. मीपन कटाललो व्हतो रे. पन तू बरोबर मापाची आनलीस. फटीत बोट घालून तुला परत इचारला. तू म्हनालास, मावतंय. मना वाटला, पोराला गाडी पायजे."

"मग तुमीच नाही म्हणायचं होतं!" मी ओरडलो. मुलं खेळता खेळता थांबून बघायला लागली. "तुमी बाप ना?"

"तुला गाडी पायजे आनि मी न्हाय म्हनू? कसा म्हनू?"

मला संताप आला. त्यांच्यावर, आईवर, स्वतःवर, कुर्ल्याच्या त्या करवतीवर. मी काठी त्यांच्या हातातून ओढून घेतली आणि गुडघ्यावर धरून मोडायला गेलो. एकदा जोर लावला, दोनदा लावला. इतकी वर्षं आढ्यात धूर खाऊन तो बांबू लोखंड झाला होता. नुसता वाकला आणि परत सरळ झाला.

बाबा आपला गुडघा चोळत बघत होते. म्हणाले, "ऱ्हाऊ दे. दोडक्याच्या वेलाला व्हईल."